गाणे आपले, किल्ली दुसऱ्याची

मुळशी तालुक्यातील माण गावाच्या हद्दीत हिंजवडी माहिती तंत्रज्ञान नगरीचा तिसरा टप्पा आहे. तिथे नोकरीला आलेली अनेक मुलेमुली ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने फ्लॅट घेतात. राहायला घर मिळते, पण ते आपले होत नाही. मोबाइलवर उतरवून घेतलेल्या चित्रपटाचेही तसेच असते.

तो चित्रपट मित्राला पाठवला, तर त्याच्या फोनवर चालत नाही. असे का? कंपनीने ती फाइल ‘एन्क्रिप्ट’ केलेली, म्हणजे गुप्त संकेतात बदललेली असते. तिची किल्ली म्हणजे आकड्यांची लांबलचक मालिका. किल्लीविना फाइल म्हणजे निव्वळ गोंधळ. आपण ‘प्ले’ दाबले की अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरकडे परवाना मागते. पैसे भरले आहेत का, फोन नोंदलेला आहे का, हे पाहून परवाना मिळतो. त्यातच किल्ली असते आणि मुदतही. ही किल्ली अ‍ॅपच्या ताब्यात राहते, आपल्या हाती येत नाही.

चित्रपटगृहात पूर्वी पत्र्याच्या डब्यांतून रिळे येत. आता कुलूपबंद फाइल हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत येते. किल्ली वेगळी येते, तीही ठरलेल्या यंत्रापुरती आणि ठरलेल्या तारखांपुरती.

पण कुलूप लागण्याआधीच प्रत बाहेर गेली तर? जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाआधीच इंटरनेटवर फुटला. त्या प्रतीवर ‘सेन्सॉरसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी खूण होती.

दुसरीकडे, हेच कुलूप प्रामाणिक ग्राहकालाही जाचते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. याउलट अ‍ॅपलने २००९ मध्ये विकायच्या गाण्यांवरची कुलपे काढली.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते उघडण्यास मुभा आहे. अंध वाचकांसाठी हे मोलाचे आहे.

म्हणून ‘खरेदी करा’ हे बटण दाबण्यापूर्वी अटी वाचाव्यात. फाइल दुसऱ्या यंत्रावर चालेल का? दुकान बंद पडले तर काय? आयुष्यभर जपायचे पुस्तक किंवा गाणे असेल, तर शक्यतो कुलूप नसलेली प्रतच घ्यावी.