आटे जुळले, म्हणून काय झालं?

जऊळक्याच्या शिवारात सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलं की घराघरांतले पंप बाहेर निघतात. अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी गावाजवळून जाते, तेव्हा खिडकीतून बघा: हिरव्या रानात पाठीवर टाकी घेतलेली माणसं आणि त्यांच्यापुढे उडणारं पांढुरकं धुकं. त्यांच्या तोंडाला काय असतं? बहुतेकांच्या दस्ती. एखाद्याच्या मात्र दोन्ही गालांवर गोल डब्या लावलेला रबरी मास्क दिसतो आणि बांधावरची पोरं ओरडतात, “अबे, एलियन आला!”

आता खरी गंमत पुढे आहे. असले मास्क जमवायचा छंद असणारी माणसं जगभर आहेत. सोव्हिएत काळातला जीपी-5 नावाचा मुखवटा त्यांचा लाडका. फिकट राखाडी रबर, डोळ्यांना दोन गोल काचा आणि हनुवटीपुढे पत्र्याचा डबा. तो अजूनही ऑनलाइन विकत मिळतो. मग एखाद्या चौकस पोराला प्रश्न पडतोच: युद्धासाठी बनवलेला मास्क तो! बाबांना फवारणीला हाच दिला तर?

थांबा. आधी डबीच्या आत काय असतं ते पाहू. डबी फोडायची नाही हं, कागदावरच पाहू.

एक थर असतो अतिशय बारीक तंतूंच्या गुंत्याचा. तुम्ही म्हणाल, चाळणी! पण ही चाळणी नव्हे. तंतूंमधल्या फटी कितीतरी कणांहून मोठ्या असतात, तरी कण अडकतात. मोठा थेंब जड असतो. हवा तंतूला वळसा घालून जाते, त्याला काही वळता येत नाही, तो धाडकन तंतूवर आपटतो. उलट अगदी इवल्या कणांना हवेचे रेणू सारखे धक्के मारत असतात, म्हणून ते वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतात. मग निसटतो कोण? मधला! साधारण 0.3 मायक्रॉनचा. तो वळायला पुरेसा हलका आणि भरकटायला जरा जड. फिल्टरची परीक्षा घेणारेसुद्धा याच मापाच्या आसपासचे कण मुद्दाम सोडतात.

दुसरा थर कोळशाचा. पण चुलीतला कोळसा इथे चालत नाही. नारळाची करवंटी हवा न लागू देता जाळतात, मग त्या कोळशावर आठ-नऊशे अंश तापमानाला वाफ सोडतात. वाफ कोळसा आतून कोरत जाते. एवढी भोकं, एवढे बोगदे की एका ग्रॅमच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या, तर साधारण 1000 चौरस मीटर भरतील. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! चिमूटभर कोळशाचा सातबारा काढायला हरकत नाही. वायूचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात आणि आपल्या नाकात शुद्ध हवा येते.

पहिल्या महायुद्धात या कोळशाची एवढी टंचाई झाली, की 1918 साली अमेरिकेत मुलांना पीच फळांच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं गोळा करायला लावलं होतं. एका मास्कच्या कोळशाला सुमारे सात पौंड, म्हणजे तीन किलोहून जास्त बिया लागत. आपल्याकडे कोयी गोळा करणाऱ्या पोरांना हे काम फार आवडलं असतं.

त्याआधी तीन वर्षं, 22 एप्रिल 1915 ला, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला होता. चारच दिवसांनी तिथे आपले हिंदी सैनिकही त्या वायूत सापडले. जमादार मीर दस्त यांनी त्या दिवशी जे धैर्य दाखवलं, त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मास्क नव्हतेच. सैनिकांनी नाकाला ओली फडकी लावली. काहींनी तर फडकं लघवीत भिजवलं! हसू नका. क्लोरीन पाण्यात थोडाफार विरघळतो, त्यामुळे ओल्या फडक्याने जरा तरी आधार मिळायचा.

मग फवारणीवेळची दस्ती? तिचं उलटं होतं. औषधाचं धुकं कापडात मुरतं, कापड ओलं होतं आणि विष नाकासमोरच टांगलेलं राहतं. दस्तीपेक्षा मास्क कधीही बरा, पण त्याला नीट बसणारा, नेमका फिल्टर हवा.

नीट बसणारा म्हणजे काय? इथे ते छंदवाले कामाला येतात, कारण आट्यांची भानगड त्यांनीच खूप अनुभवली आहे. नाटो देशांच्या फिल्टरच्या तोंडाचा व्यास 40 मिलिमीटर. सोव्हिएत फिल्टरचाही 40. वा! पण नाटोच्या दोन आट्यांमधलं अंतर इंचाचा सातवा भाग, म्हणजे 3.63 मिलिमीटर, आणि सोव्हिएत आट्यांमधलं पूर्ण 4. फिरवलं की बसल्यासारखं वाटतं. पण ‘वाटतं’ यावर श्वास सोडायचा का? काही जुन्या मुखवट्यांचं तोंड 60 मिलिमीटरचं, तिथे तर प्रश्नच मिटला. आणि शेतीसाठी मिळणाऱ्या, फक्त नाक-तोंड झाकणाऱ्या अर्ध्या मास्कांना प्रत्येक कंपनीचा वेगळा खटका असतो. एकीची डबी दुसरीवर चिकटपट्टीने लावणारे जुगाडू लोक आहेत. असला जुगाड बघितला की माझं डोकं गरगरतं.

आणि समजा आटे पक्के जुळले, तरी काय झालं? आत काय भरलंय ते महत्त्वाचं. युरोपच्या पद्धतीत डबीवर रंगीत पट्टा असतो. तपकिरी म्हणजे सेंद्रिय रसायनांच्या वाफा, राखाडी म्हणजे क्लोरीनसारखे वायू, पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइड, हिरवा म्हणजे अमोनिया आणि पांढरा म्हणजे कण. फवारणीत वाफही असते आणि थेंबही, म्हणून तपकिरी आणि पांढरा दोन्ही लागतात. नुसत्या हिरव्या पट्ट्याची डबी कितीही घट्ट बसली तरी फवारणीत ती बिनकामाची.

आता त्या जुन्या मुखवट्यांकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनमध्ये सुमारे 3 कोटी 80 लाख मास्क वाटले गेले. लहान मुलांसाठी लाल-निळा मास्कही होता, त्याला ते मिकी माउस म्हणत. त्या काळच्या कितीतरी फिल्टरांत ॲस्बेस्टॉस घातलेलं असे. त्याचे तंतू फुप्फुसात रुतले की वर्षानुवर्षांनी जीवघेणा आजार होतो. ते फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगारही त्याने दगावले. म्हणून 2014 साली ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा विभागाने शाळांना बजावलं: इतिहासाच्या तासाला हे मास्क मुलांना घालू देऊ नका. अमेरिकेच्या जुन्या लष्करी फिल्टरांत तर कोळशाला क्रोमियमचा असा प्रकार लावलेला असे की त्याने कर्करोग होऊ शकतो. फिल्टरवर मुदत संपण्याच्या तारखा छापलेल्या असतात त्या उगीच नव्हेत. सील फुटलं की कोळसा हवेतली ओल पीत बसतो आणि त्याची जागा भरून जाते.

एक गोष्ट भयंकर आहे, पण सांगतो. नव्या डबीच्या खाली एक बूच असतं. 1991 च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये घाबरलेल्या काही लोकांनी ते न काढताच मास्क चढवला आणि ते गुदमरून मेले.

आणि फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन बनवत नाही! आपल्या हवेत तो साधारण 21 टक्के असतो. जुन्या विहिरीत किंवा धान्याच्या पेवात तो कमी झाला, तर जगातला कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. विहिरीत डिझेल इंजिन चालवल्यावर साचणारा कार्बन मोनॉक्साइडही साध्या कोळशाला चिकटत नाही.

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. अंगापेक्षा उंच वाढलेलं पीक, मिसळलेली औषधं आणि अंगावर संरक्षणाचं काही नाही, असं सगळं एकत्र आलं होतं. हे विष नाकातून जातं तसं कातडीतूनही जातं. म्हणजे मास्क उत्तम असला, तरी भिजलेला सदरा अंगावर तसाच ठेवला तर मास्कचा निम्मा फायदा वाया. हातमोजे, पूर्ण बाह्या, नंतर साबणाने अंघोळ. औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो, तो तुम्ही ओळखायला शिका: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. सौम्य म्हणजे खेळायचं नव्हे, बरं का.

घरी फवारणीचा मास्क असेल तर स्वच्छ मास्कावर, औषधाच्या जवळ न जाता, ही चाचणी मोठ्या माणसाला करायला सांगा. मास्क लावायचा, दोन्ही डब्यांची तोंडं तळव्यांनी झाकायची आणि हळूच श्वास आत ओढायचा. रबर गालाकडे ओढलं जाऊन तिथेच राहिलं, तर चांगलं बसलंय. कुठून फुसफुस हवा आली तर पट्टे आवळा. तरी येतच राहिली तर काकांच्या दाढीकडे बघा. दाढीच्या केसांतून वाट काढायला विषाला अवघड नसतं.