अंड्यांची इंग्रजी

अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या गंगाजळीला इंग्रजीत ‘नेस्ट एग’ म्हणतात. त्यामागे कोंबड्या पाळणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. खुराड्यात चिनी मातीचे खोटे अंडे ठेवले, की कोंबडी तिथेच अंडी घालू लागते.

‘क्युरेट्स एग’ची गोष्ट अधिक मजेदार. ९ नोव्हेंबर १८९५च्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉर्ज द्यू मॉरिए यांचे व्यंगचित्र आले. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या कनिष्ठ पाद्र्याच्या वाट्याला नासके अंडे येते. यजमानाच्या ते लक्षात येते. पाहुणा मात्र भिडेपोटी सांगतो, की अंड्याचा काही भाग तर उत्तम आहे! अंडे नासले की सगळेच नासते, हीच त्यातली मेख. आज थोड्या बऱ्या, थोड्या वाईट पुस्तकालाही समीक्षक हेच नाव सर्रास देतात, आणि मूळ टोमणा बोथट होतो.

क्रिकेटमधला ‘डक’ हे ‘डक्स एग’चे आखूड रूप. शून्याच्या आकारात इंग्रजांना बदकाचे अंडे दिसले, मराठी माणसाला भोपळा. रंगभूमीच्या बोलीत अंडे घालणे म्हणजे साफ आपटणे. म्हणूनच शेअर बाजार कोसळल्यावर ३० ऑक्टोबर १९२९ रोजी ‘व्हरायटी’ या रंगभूमी-मनोरंजनाच्या अमेरिकी साप्ताहिकाने मथळा दिला, वॉल स्ट्रीटने अंडे घातले.

‘एग ऑन’ म्हणजे चिथावणे. याचा मात्र अंड्याशी काडीचाही संबंध नाही. हा ‘एग’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘एग्या’ या क्रियापदातून आला. त्याचाही अर्थ चिथावणे असाच.