पाण्यातली बाग, भाग ६ : घटातले तुरे आणि ट्रेमधली रोपं

गेल्या आठवड्यात स्पंजाच्या चौकोनांत बी घालून झालं. ज्यांनी त्याच दिवशी पेरलं, त्यांच्या ट्रेमध्ये आज काय दिसत असेल याची मला धास्ती आहे. बदलापुरात सोनिवलीच्या घरात पहिल्या पावसाळ्यात माझंही तेच झालं होतं. लेट्युसची चाळीसेक रोपं, दोऱ्याएवढी बारीक, बोटभर लांब, देठ जवळजवळ पांढरे. शेंड्याला इवली दोन पानं आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे. आल्यागेल्यांनी कौतुक केलं, चार दिवसांत केवढी वाढली म्हणून! मलाही आनंदच झाला होता. सहाव्या दिवशी निम्मी रोपं लोळली.

असं रोप आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. घटस्थापनेला परडीत माती घालून धान्य पेरतो. घट देवघराच्या कोपऱ्यात बसतो, उजेड काय तो समईचा. दसऱ्यापर्यंत गव्हाचे पिवळे तुरे वीतभर होतात आणि आपण ते टोपीत खोवतो. तोच गहू त्याच दिवशी अंगणात पेरला, तर नवव्या दिवशी तो बुटका, जाड आणि हिरवागार असतो. घटातल्या तुऱ्याची उंची अंधाराने दिलेली असते. मातीखालच्या कोंबाला एकच काम असतं, वर येणं. म्हणून तो पानं आणि हिरवा रंग यांवर खर्च करत नाही, सगळी शिदोरी देठ लांबवण्यात घालतो. उजेड भेटेपर्यंत त्याच्या लेखी तो अजून मातीखालीच असतो.

मग घटातला गहू उभा राहतो आणि ट्रेमधलं लेट्युस लोळतं, ते का? फरक शिदोरीचा आहे. एका ग्रॅममध्ये गव्हाचे साधारण 25 दाणे बसतात आणि लेट्युसचं बी बसतं आठशे-हजार. गहू त्या शिदोरीवर नऊ दिवस उभा राहतो. लेट्युसची पुंजी पहिल्या तीन-चार दिवसांतच सरते.

माना खिडकीकडे का वळतात, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर तपासलं होतं. 1880 साली त्यांचं पुस्तक आलं. कोंबाच्या टोकाला अपारदर्शक टोपी घातली की तो उजेडाकडे वाकत नाही, टोक उघडं ठेवलं की वाकतो. म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. टोकाकडून खाली हा निरोप नेणाऱ्या द्रव्याला पुढे ऑक्झिन हे नाव मिळालं. सावलीच्या बाजूला ते जास्त साठतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात आणि देठ उजेडाकडे झुकतो.

पण माझा ट्रे तर खिडकीतच होता, तोही दक्षिणेच्या! घरातल्या बागेला दक्षिणेची खिडकी उत्तम, असं पुस्तकात वाचलं होतं. ते पुस्तक थंड देशातलं. बदलापूर आहे 19 अक्षांशाच्या जरासं वर. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुसरा येतो जुलैच्या शेवटी. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन थेट पडतच नाही. त्यावर जुलैचं आभाळ. फोनमधल्या ॲपवर उजेड मोजला, तर ढगाळ दुपारी गच्चीवर दहा हजार लक्सच्या आसपास, खिडकीच्या कट्ट्यावर हजार-बाराशे आणि खोलीतल्या टेबलावर दीडशे. आपल्या डोळ्यांना दीडशेतही पेपर वाचता येतो, म्हणून खोली उजळ वाटते. रोपाला ती रात्रच.

दाटीनेही हेच होतं. पान तांबडा उजेड शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा अतितांबडा बराचसा पुढे जाऊ देतं. त्या फरकावरून रोपाला शेजारी कळतो आणि ते त्याच्या वर डोकं काढायला धावतं. उल्हासकाठी भात लावणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. राबात बी दाट पडलं की आवण लांबट, लेचंपेचं होतं. पातळ पेरलं की काटक. तेव्हा एका चौकोनात दोनच बिया टाका आणि उगवल्यावर एक कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ दुखावतं.

खरी घाई पहिल्या दिवसाची आहे. ट्रेवर झाकण घालून तो फ्रिजवर किंवा ओट्याच्या कोपऱ्यात उबेला ठेवला असेल, तर पहिला कोंब दिसताक्षणी झाकण काढा. उरलेल्या बियांसाठी थांबू नका. ऊब जास्त आणि उजेड कमी, ही जोडी रोपाला सर्वात जास्त ताणते. चार फुटी ट्रेवर 20 वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या दोन, शेंड्यापासून वीतभर वर, रोज 14 ते 16 तास. सोळा तास धरले तरी पाऊण युनिटाच्या आत भागतं. पहाटेची लोकल गाठणाऱ्यांनी टायमर लावावा. छोटा पंखा दिवसातून दोनदा, पानं नुसती हलतील इतपत. हलणारा देठ आखूड आणि जाड होतो. आणि रोप किरटं दिसतंय म्हणून खताचं पाणी वाढवू नका. खरी पानं फुटेपर्यंत साधं पाणी पुरतं.

आता लांबलेल्यांचं काय? देठ पुन्हा आखूड होत नाही. लेट्युस, पालक असेल तर मोह सोडून नव्याने पेरा. पाच दिवसांत तुम्ही पुन्हा तिथेच असाल, या वेळी दिव्याखाली. लेट्युसचा गाभा खोल गाडला तर तो कुजतो. टोमॅटोची गोष्ट वेगळी. मी वीतभर लांबलेलं एक रोप जाळीच्या कुंडीत बीजपत्रांपर्यंत खाली सोडलं, भोवती मातीच्या भाजलेल्या गोळ्या भरल्या आणि पाणी फक्त बुडाला लागेल इतकं ठेवलं. आठवड्याने दोन गोळ्या हळूच बाजूला केल्या. पांढरट देठावर बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतून तांदळाच्या कणीएवढं मूळ बाहेर आलं होतं.