वेबसाइट मोबाइलवर का विस्कटते? विजेटची जागा आणि माप ठरवायची सोपी रीत



ऑनलाइन दुकानाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, वेबसाइट कॉम्प्युटरवर मस्त दिसते, पण मोबाइलवर सगळं विस्कटतं. असं का?" आज त्याचंच उत्तर बघू. कोडिंग येत नसलं तरी चालेल. डेव्हलपरकडे नेमकं काय मागायचं आणि काम ताब्यात घेताना काय तपासायचं, एवढं कळलं तरी पुरे.

विषय पैशाचा आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साताऱ्याचा कंदी पेढा तर नावावरच विकला जातो. पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक तुमचं दुकान बघतं ते हातातल्या मोबाइलवर. "ऑर्डर करा" हे बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं, तर ते गिऱ्हाईक फोन करून तक्रार करत बसत नाही, गुपचूप दुसरीकडून घेतं. शिवाय गूगलसुद्धा आता शोधात दाखवताना मुख्यतः तुमच्या साइटची मोबाइलवरची बाजूच बघतं.

विजेट म्हणजे काय?

वेबसाइटवरचा प्रत्येक कामाचा डबा म्हणजे विजेट. मालाचं कार्ड, शोधायची पट्टी, नग कमी-जास्त करायचं बटण, पत्त्याचा फॉर्म, कोपऱ्यातलं व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं चिन्ह, ही सगळी विजेटं. प्रत्येकाला दोन गोष्टी लागतात: जागा आणि माप. दुकानात रॅक लावताना आपण हेच करतो. फरक एवढाच की दुकानाच्या भिंती हलत नाहीत आणि वेबसाइटच्या भिंती प्रत्येक गिऱ्हाइकाकडे वेगळ्या असतात.

पहिली गोष्ट: मोबाइलची खरी रुंदी

मोबाइलच्या खोक्यावर १०८० पिक्सेल लिहिलेलं असतं, पण अशा बऱ्याच मोबाइलवर वेबसाइटला मिळणारी रुंदी ३६० असते. अक्षरं बारीक दिसू नयेत म्हणून मोबाइल तीन-तीन पिक्सेल मिळून एक धरतो. आपला हिशोब या ३६० मध्ये बसवायचा.

त्यासाठी पानात "व्ह्यूपोर्ट" टॅग असावा लागतो. तो नसेल तर मोबाइल पान साधारण ९८० रुंदीचं समजतो आणि आकसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी दिसली की आधी हा टॅग आहे का ते विचारा.

दुसरी गोष्ट: ठोक माप देऊ नका, नियम द्या

समजा, हळदीच्या पाकिटांची कार्डं आहेत. डेव्हलपरनं प्रत्येक कार्डाला १७० पिक्सेल ठोक रुंदी दिली आणि एका ओळीत दोन कार्डं ठेवली. आता बेरीज करा. दोन कार्डांचे ३४०, मधली फट १२, दोन्ही कडांना १६-१६ म्हणजे ३२. एकूण ३८४ झाले. मोबाइल आहे ३६०. चोवीस पिक्सेल बाहेर गेले आणि पान आडवं सरकायला लागलं.

त्याऐवजी नियम सांगायचा: "कार्ड १५० पेक्षा लहान होऊ देऊ नको, जागा उरली तर सगळ्यांत सारखी वाट." हे काम सीएसएस ग्रिडमधलं "मिनमॅक्स" आणि "ऑटो-फिल" करतं. आता काय होतं ते बघा:

- ३२० च्या छोट्या मोबाइलवर एका ओळीत एक कार्ड, पूर्ण रुंदीचं.
- ३६० वर दोन कार्डं, प्रत्येकी १५८ चं.
- ७६८ च्या टॅबलेटवर चार कार्डं, प्रत्येकी १७५ चं.

कोड एकच, प्रत्येक मोबाइलसाठी वेगळं पान नाही. स्क्रीनप्रमाणे जुळवून घेणाऱ्या या पद्धतीला "रिस्पॉन्सिव्ह" हे नाव इथन मार्कॉट या डिझायनरनं २०१० मध्ये दिलं. ग्रिड २०१७ पासून मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, त्यामुळे "नवीन आहे, चालणार नाही" हे कारण ऐकून घेऊ नका.

मोठ्या स्क्रीनसाठी उलटी मर्यादा लागते. मजकुराच्या डब्याला "मॅक्स-विड्थ" द्या, नाहीतर एक ओळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते आणि वाचणाऱ्याची मान दुखते.

तिसरी गोष्ट: कार्पेट आणि बिल्टअप

गाळा घेताना आपण विचारतो, कार्पेट किती आणि बिल्टअप किती? विजेटचंही तसंच आहे. फॉर्मच्या डब्याला १०० टक्के रुंदी दिली, तर ब्राउझर सहसा ती फक्त आतल्या जागेची धरतो. आतली मोकळी जागा म्हणजे पॅडिंग आणि कडेची रेघ म्हणजे बॉर्डर, ही वरून वाढते. मग डबा स्क्रीनबाहेर जातो. "बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स" ही एक ओळ टाकली की भिंतीसकट माप धरलं जातं. डेव्हलपरला एवढंच विचारा: "ही ओळ सगळ्या डब्यांना लावलीय का?"

चौथी गोष्ट: मराठीला उंची लागते

इंग्रजी डिझाइन आणून त्यात मराठी टाकली की खरी गंमत सुरू होते. "ॲड" एवढंसं असतं, आपलं "पिशवीत टाका" लांब होतं. शिवाय वर वेलांटी, रफार आणि खाली उकार. बटणाला ठोक उंची दिली असेल तर अक्षरं वरून-खालून कापली जातात. म्हणून मजकूर असलेल्या डब्याला ठोक उंची द्यायचीच नाही, कमीत कमी उंची द्यायची, म्हणजे "मिन-हाइट". ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवली तर मराठी मोकळी दिसते.

बटण अंगठ्यानं दाबता आलं पाहिजे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबायच्या जागेचं माप किमान ४८ सांगितलंय. "+" आणि "−" शेजारी असतील तर मध्ये फट ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकाला एक किलो पाहिजे असतं आणि दोन किलोची ऑर्डर पडते.

पाचवी गोष्ट: फोटोची जागा आधी राखा

नेट हळू असलं की फोटो उशिरा येतो आणि खालचं सगळं एकदम ढकलतो. माणूस अर्धा किलो दाबायला जातो आणि बोट भलतीकडेच पडतं. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहिली की ब्राउझर तेवढी जागा रिकामी ठेवतो. पाटावर माणूस यायच्या आधी पान मांडतात, तसं.

शेवटचा हप्ता देण्याआधी हे तपासा

१. साधा, छोट्या स्क्रीनचा मोबाइल घ्या. पान आडवं सरकतंय का? सरकलं तर काम अपुरं आहे.
२. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षरं सर्वात मोठी करा. घरातली वडीलधारी माणसं असंच वापरतात. बटणं कापली जातात का?
३. तुमच्या यादीतलं सर्वात लांब नाव टाकून बघा, उदाहरणार्थ "राजापुरी हळद पावडर, घरगुती पॅक, ५०० ग्रॅम".
४. व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह "ऑर्डर करा" वर बसलंय का?
५. पत्ता लिहिताना कीबोर्ड वर आला की पुढचं बटण गाठता येतं का?
६. एका हातानं, फक्त अंगठ्यानं, पहिल्या पानापासून पैसे भरण्यापर्यंत जा.

या सहा गोष्टी कोटेशन घेतानाच कागदावर लिहून द्या. काम संपल्यावर सांगितलं की ते "एक्स्ट्रा" होतं, आधी सांगितलं की तोच ठरलेला व्यवहार असतो. रंग आणि फोटो नंतर कधीही बदलता येतात. मापाचे नियम मात्र पहिल्या दिवशी लागले पाहिजेत.

आज आपल्या साइटवर पहिली तपासणी करा, दोन मिनिटांचं काम आहे. काय आढळलं ते नक्की कळवा.