एक्स्प्लेनर : खोडदच्या दुर्बिणीचा डेटा तुमच्या लॅपटॉपवर, पण 'कासा' सुरू कसं करायचं?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळची जीएमआरटी दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. प्रत्येक दोन अँटेनांची एक जोडी, अशा 435 जोड्या. ही दुर्बीण फोटो काढत नाही, आकडे साठवते. ठरावीक मुदतीनंतर हे आकडे ऑनलाइन संग्रहात अभ्यासकांना खुले होतात. चित्र मात्र ज्याचं त्यानं तयार करायचं.

त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे 'कासा'. मुळात चिलीतली 'अल्मा' आणि अमेरिकेतली 'व्हीएलए' या दुर्बिणींसाठी ते विकसित झालं. जीएमआरटीच्या डेटावरही चालतं. अनेक विद्यार्थी अडतात ते पहिल्याच पायरीवर, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत.

सुरुवात कशी?

लिनक्सवर इन्स्टॉलर नसतो. डाउनलोड केलेली फाइल उलगडायची, टर्मिनलमध्ये आधी आपल्या डेटाच्या फोल्डरमध्ये जायचं आणि तिथून 'कासा'चा पूर्ण पत्ता टाइप करून एंटर. पायथन सोबतच येतं. 'कासा' आणि पुढे 1 हा आकडा दिसला की काम झालं. शेजारी लॉगची वेगळी खिडकी उघडते.

फोल्डरचा आग्रह का? लॉग फाइल तिथेच तयार होते, नावात तारीख-वेळेसह. तीन महिन्यांनी गाइडने 'हे कसं केलंस?' विचारलं, की तीच कामी येते.

कॉलेजच्या सर्व्हरवर दुरून लॉगिन केलं असेल तर खिडकी उघडायला स्क्रीनच नसते. अशा वेळी दोन डॅश देऊन 'नोजीयूआय' जोडायचं. रात्रभराचं काम असेल तर एक डॅश, 'सी' आणि स्क्रिप्टचं नाव.

खरा धोका पुढे

'प्लॉटएमएस'मध्ये डेटाचा आलेख दिसतो. मोबाइल टॉवर वगैरेंच्या गोंगाटाचे बिंदू माउसने चौकटीत घेऊन बाद करता येतात. सोपं वाटतं, पण इथे 'अनडू' नाही! चुकून चांगला डेटा बाद झाला तर मागे फिरायला आधी 'फ्लॅगमॅनेजर'ने स्थिती जतन केलेली हवी. नवखे नेमकं हेच विसरतात.

विंडोजसाठी अधिकृत आवृत्ती नाही. बरेच जण विंडोजमध्येच डब्ल्यूएसएलद्वारे लिनक्स टाकून काम भागवतात.