टिंबाचा घोटाळा

पाकिटातले पत्र कोठे संपते, हे पोस्टमनला पाहावे लागत नाही. पण ई-मेलला पाकीट कोठले? तेथे अक्षरे एकामागून एक येतच राहतात. मग पत्र संपले, हे पलीकडच्या संगणकाला कळावे कसे?

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमावलीत यासाठी सोपी खूण आहे. ओळीत नुसते एक टिंब आले, की पत्र संपले!

तुम्ही म्हणाल, पत्रातच कोणी असे टिंब लिहिले तर? त्यावर युक्ती अशी : टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीआधी पाठवणारा संगणक आणखी एक टिंब जोडतो, घेणारा ते काढून टाकतो. डेल्टा चॅटसारख्या ॲपमधले निरोपही ई-मेलच्याच वाटेने जातात. म्हणून हा नियम त्यांनाही लागू पडतो.

मात्र नियमाचा अर्थ दोघांनीही एकच लावायला हवा. ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची असते. काही प्रोग्राम एकच चिन्ह आले तरी चालवून घेत. त्यामुळे एका संगणकाला जे पत्र चालूच आहे असे वाटे, ते दुसऱ्याला संपलेले वाटे आणि पुढचा मजकूर तो नवे पत्र समजे. म्हणजे एका पत्राच्या पोटात दुसऱ्याच्या नावाचे खोटे पत्र दडवता येई! डिसेंबर २०२३ मध्ये हे उघडकीस आले. मग प्रोग्राम दुरुस्त झाले : दोन्ही चिन्हे नसतील, तर ते टिंब शेवटाचे मानायचे नाही.

आता सांगा पाहू : तुम्ही एका टिंबाने सुरू केलेली ओळ मित्राला दोन टिंबांनी सुरू झालेली दिसली, तर काम कोणी अर्धवट सोडले?