चार नगांची ऑर्डर

ऑर्डर चार नगांची आहे. म्हणजे दोन जोड्या. प्रत्येक नग हा अ‍ॅल्युमिनियमचा एक बंद डबा, आत बॅटरी आणि तळहाताएवढं सर्किट, आणि एका भिंतीतल्या दोन नळ्यांमधून बाहेर आलेल्या दोन केशरी फायबर केबली. जोडीतला एक डबा चाचणीच्या खोलीत गाडीजवळ ठेवायचा, दुसरा खोलीबाहेर संगणकाशेजारी. गाडीतल्या कंट्रोलरांचं आपसातलं बोलणं, म्हणजे कॅन बसचा सिग्नल, आतल्या डब्यात प्रकाश होतो आणि बाहेरच्या डब्यात पुन्हा वीज.

तांब्याची साधी वायर का नाही, हा प्रश्न भोसरीतल्या या शेडमध्ये येणारा प्रत्येक नवा माणूस विचारतो. मीही विचारला. गाडीच्या इम्युनिटी चाचणीत खोलीतल्या अँटेनातून मुद्दाम जबरदस्त रेडिओलहरी सोडतात. मीटरमागे १०० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त. एवढ्या माऱ्यात ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग गोंधळतात का, हे पाहायचं असतं. अशा खोलीत तांब्याची लांब वायर टाकली की ती स्वतःच अँटेना होते. मग गाडी चुकली की वायरीने चुकवलं, हे सांगता येत नाही. काचेच्या तंतूला या माऱ्याचा पत्ताच लागत नाही. पुण्याभोवती वाहन उद्योग आहे, एआरएआयसारखी चाचणी संस्था आहे, त्यामुळे ही भाषा इथल्या छोट्या वर्कशॉपांनाही समजते.

पण काचेला त्रास होत नाही म्हणून काम संपत नाही, सुरू होतं. तंतूच्या एका टोकाला एलईडी आणि दुसऱ्या टोकाला फोटोडायोड असतो. फोटोडायोडमधून येणारा करंट मायक्रोअँपिअरांत मोजायचा. तो वाढवणारा अँप्लिफायर बाहेरच्या लहरींना आपलाच सिग्नल समजून बसतो. म्हणून डबा हवा, आणि तो खरोखर बंद हवा. उलट बाजूनेही तेच आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे सिग्नल फायबरवरूनच मुख्य इमारतीत येतात. तिथे डबा बंद ठेवण्यामागची भीती बाहेरून आत येणाऱ्या लहरींची नसते. आपल्याच इलेक्ट्रॉनिक्समधून निसटलेला नॉइज दुर्बिणीत शिरेल, ही असते. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की शेजारच्या सर्किटची कुजबुजही त्याला बुडवते. दोन्हीकडे शत्रू एकच: फट.

फटीबद्दल माझा समज चुकीचा होता, आणि बहुतेकांचा असेल. वाटतं, फट बारीक असली की पुरे. लहरींना फटीच्या रुंदीशी फारसं देणंघेणं नसतं. त्या लांबी बघतात. कागदाइतकी पातळ पण हातभर लांब फट ही उत्तम अँटेना असते. इथला ढोबळ नियम असा, की दोन स्क्रूंमधलं अंतर लहरीच्या लांबीच्या विसाव्या भागापेक्षा कमी हवं. १ गिगाहर्ट्झची लहर ३० सेंटिमीटरची, तिचा विसावा भाग दीड सेंटिमीटर. ठीक आहे, तेवढ्या अंतरावर स्क्रू बसतात. ६ गिगाहर्ट्झची लहर ५ सेंटिमीटरची, तिचा विसावा भाग अडीच मिलिमीटर. तेवढ्या अंतराने टॅपिंग करायचं तर झाकणावर जागाच उरत नाही. म्हणून गास्केट. कुकरची रिंग वाफ अडवते तसं हे गास्केट लहरी अडवतं. फरक इतकाच की याच्या रबरात धातूची भुकटी मिसळलेली असते आणि झाकण ते डबा अशी वीज त्यातून सलग वाहिली पाहिजे.

ही सलगता टिकवण्यात निम्मं काम जातं. डबा अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून व्हीएमसी मशीनवर कोरला जातो. ते जॉबवर्क दोन गल्ल्या पलीकडच्या शेडमध्ये होतं आणि तिथून चलनासोबत माल प्लेटिंगवाल्याकडे. इथे एक सापळा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तू आपल्याला अ‍ॅनोडाइझ केलेल्याच आवडतात. दिसायला देखणं, ओरखडा पडत नाही. पण अ‍ॅनोडायझिंगचा थर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, आणि ते वीज वाहू देत नाही. असा डबा आणि असं झाकण चाळीस स्क्रूंनी आवळलं तरी विजेच्या दृष्टीने दोघांमध्ये फटच राहते. म्हणून इथल्या ड्रॉइंगवर झाकणाच्या बैठकीभोवती लाल रेघ मारलेली असते आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: क्रोमेट कन्व्हर्जन, रंग नको, अ‍ॅनोडाइझ नको. एकदा बाहेरून रंगवून आलेल्या डब्यांमध्ये रंगाची फवार बैठकीवर उडाली होती. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी. सगळा लॉट परत सोलून काढावा लागला. मुरूडसारख्या खाऱ्या हवेत जाणारा माल असेल तर आणखी एक काळजी: अ‍ॅल्युमिनियमला गास्केटसारख्याच कामाच्या बेरिलियम कॉपरच्या पट्ट्या टेकल्या की दमटपणात गंज धरतो, म्हणून त्या पट्ट्या कथिलाचा मुलामा दिलेल्या घेतात.

मग केबलचं भोक. भिंतीला भोक पाडलं की शिल्डिंग गेलं, असं वाटणं साहजिक आहे. उपाय भौतिकशास्त्राने दिलेला आहे आणि तो मला फार सुंदर वाटतो. भोकाच्या जागी धातूची अरुंद, लांब नळी बसवायची. ५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून सुमारे ३५ गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरी पुढे जाऊच शकत नाहीत. आत शिरतात आणि वाटेत विरतात. नळीची लांबी व्यासाइतकी वाढवली की दर वेळी साधारण ३० डेसिबलने क्षीण होतात. १५ मिलिमीटरची नळी म्हणजे ९० डेसिबलच्या पुढे. प्रकाश मात्र त्याच नळीतल्या तंतूमधून सहज निघून जातो. एकच अट: नळीतून जाणाऱ्या केबलमध्ये धातूचा कणही नको. उंदरांपासून बचाव म्हणून स्टीलचं कवच असलेली केबल एरवी चांगली असते. इथे ती घातली की नळीच्या मधोमध तार आली, आणि सगळा हिशेब कोसळला. म्हणून केबलला ताकद द्यायला केव्हलारचे पिवळे धागे असतात. ड्युपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेला हा धागा. साध्या कात्रीने तो कापला जात नाही; टेबलावर त्याच्यासाठी वेगळी कात्री असते आणि तिने दुसरं काहीही कापलं तर ओरडा बसतो.

आता फायबरचं टेबल. या चार नगांना सोळा टोकं तयार करायची आहेत. टेबलाला काळं मॅट, कारण तुटलेला काचेचा तुकडा काळ्यावरच दिसतो. शेजारी झाकणाची बाटली. प्रत्येक तुकडा मोजून तिच्यात. या टेबलाजवळ चहा येत नाही, जेवणाचा डबा उघडत नाही. १२५ मायक्रॉनची काच बोटात घुसली तर शोधणं कठीण, पोटात गेली तर त्याहून वाईट.

पॉलिशिंगला बसणाऱ्या ताई काम सुरू करण्याआधी केबलवर आधी बूट ओवतात, मग क्रिम्प स्लीव्ह, मग केबल डब्याच्या नळीतून ओढून घेतात. हा क्रम चुकला आणि कनेक्टर चिकटल्यावर आठवलं की बूट राहिला, तर टोक कापून टाकण्याशिवाय इलाज नसतो. केबल ३ मिलिमीटरची, नळी ५ची. कनेक्टर बसल्यावर तो त्या नळीतून परत निघत नाही. म्हणून डब्यात केबलचं एक जादा वेटोळं ठेवतात, टोक बिघडलं तर कापून पुन्हा करता यावं म्हणून. ते वेटोळं ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट गुंडाळायचं नाही, नाहीतर वळणावर प्रकाश गळतो. डब्याचा आकार सर्किटवरून ठरत असेल असं मला वाटलं होतं. तो या वेटोळ्यावरून ठरतो.

जॅकेट सोललं, केव्हलार मागे वळवलं, स्ट्रिपरने लेप उतरवला, आणि उघडी काच आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसली. इपॉक्सी दोन भागांचं, वजनाने दहास एक, काट्यावर तोलून घेतलेलं. ते सुईने कनेक्टरच्या टोकाच्या बारीक नळीत, म्हणजे फेरूलच्या भोकात भरतात, तोंडावर एक बारीक थेंब दिसेपर्यंत. तंतू आत सरकवताना ताई केबल दोन बोटांत हलकेच फिरवतात. जोर लावला की काच आतच मोडते आणि मोडलेली कळतही नाही. मग ओव्हन. शिजलेलं इपॉक्सी मधाच्या रंगावरून गडद तपकिरी होतं. घड्याळ असतंच, पण ताई रंगावरच विश्वास ठेवतात.

फेरूलबाहेर आलेला तंतू हिऱ्याच्या टोकाने एकदाच, अलगद खरवडून सरळ ओढायचा. उरलेला खुंट थेट पॉलिशिंगच्या फिल्मवर घासला तर चिरतो आणि चीर आत जाते. म्हणून आधी फिल्म हातात धरून हवेतच वरून फिरवायची. मग रबरी पॅडवर, जिगमध्ये फेरूल बसवून, इंग्रजी आठाच्या आकारात. आधी जाड फिल्म, मग ३ मायक्रॉन, मग १. इपॉक्सीचा डाग संपत आला की हाताखालचं खरखरणं बदलतं. ते मलाही करून बघायला दिलं, पण खरखरण्यातला बदल माझ्या बोटांना लागला नाही.

बायकांची बोटं नाजूक म्हणून हे काम त्यांना जमतं, असं या धंद्यात सर्रास म्हणतात. मला हे पटत नाही. नाजूकपणा जन्मजात मानला की कौशल्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. ताईंनी हे वर्षानुवर्षं करून कमावलं आहे, जसं लेथवाल्याने कमावलं. त्याला कोणी नाजूक म्हणत नाही, कारागीर म्हणतात, आणि पगारही तसा देतात.

प्रत्येक टोक मायक्रोस्कोपखाली जातं. पडद्यावर करडं वर्तुळ, मध्ये उजळ गाभा. या ऑर्डरचा गाभा ६२.५ मायक्रॉनचा, म्हणून थोडी सवलत आहे. लांब पल्ल्याच्या सिंगल मोडमध्ये गाभा साधारण ९ मायक्रॉनचा असतो. तिथे ५ मायक्रॉनचा एक धूलिकण बरीच वाट अडवतो. ओरखडा कडेला असला तर चालतो, गाभ्यातून गेला तर पुन्हा फिल्म. मग मीटरवर लॉस. ०.३ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे शंभरातले सुमारे त्र्याण्णव भाग प्रकाश पार गेला पाहिजे. आकडा टोकाच्या नंबरापुढे वहीत जातो.

लांबीचा प्रश्न ऑर्डर घेतानाच विचारलेला असतो, आणि तो केबलच्या किमतीसाठी नाही. काचेतून प्रकाशाला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. कॅन बसवर संदेश मिळाल्याची पोच त्याच संदेशातल्या एका बिटच्या वेळात परत यावी लागते. केबल फार लांब झाली, बसचा वेग जास्त असला, तर पोच उशिरा पोचते आणि गाडीचे कंट्रोलर चूक झाली असं समजतात. म्हणून वेग किती, बॅटरी किती तास चालायला हवी, कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत चाचणी, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय ड्रॉइंग सुरू होत नाही. मोठ्या कारखान्याला चार नगांसाठी एवढी विचारपूस परवडत नाही. लाखांच्या आकड्यांचं कौतुक आपण भरपूर करतो. एकेका नगाची अशी चौकशी करणाऱ्या वर्कशॉपांचं करत नाही, आणि चाचणी घेणाऱ्यांचं काम अडतं ते यांच्यावाचून.

शेवटची तपासणी मला सर्वांत आवडली. डब्यात सर्किटऐवजी बॅटरीवर चालणारा एक छोटा सिग्नल जनरेटर ठेवतात आणि झाकण लावतात. मग कोअ‍ॅक्स केबलच्या टोकाला वळवून केलेली कडी, हीच हुंगणारी प्रोब, झाकणाच्या सांध्यावरून अगदी सावकाश फिरवायची. नजर स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर. पडद्यावरची रेघ सपाट राहिली तर काहीच घडत नाही, आणि तेच हवं असतं. तिसऱ्या डब्याच्या एका कोपऱ्यात रेघ उभी राहिली. स्क्रू ढिला असेल म्हणून टॉर्क पाहिला, बरोबर होता. झाकण काढलं तर गास्केटचं टोक कोपऱ्यात चिमटून खोबणीबाहेर आलं होतं. नवं कापून बसवलं, पुन्हा फिरवलं, रेघ खाली.

दुरुस्तीला परत येणारे डबे एका वेगळ्या रॅकवर असतात. त्यांची कारणं मी विचारली. काच तुटलेली क्वचित. कनेक्टर न पुसता जोडलेला, हे पुष्कळदा. धूळ अडवायला दिलेल्या टोपीतही धूळ असते, हे लोकांना खरं वाटत नाही. पण सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो झाकणात. बॅटरी बदलायला कोणीतरी डबा उघडतो, बंद करताना दोन-तीन स्क्रू हरवतात, आणि ‘एवढ्या स्क्रूंमध्ये दोन नसले तर काय’ म्हणून तसाच वापरतो. आता प्रत्येक डब्यासोबत जादा स्क्रूंची पुडी जाते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली असते: सगळे स्क्रू लावा, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.